वाटी रिकामी आली खरी, पण मागवली कोणी?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार, चिमट्यांसकट. ‘नेटफ्लिक्सची वकिली’ जरा लागलं, पण असो. अमेरिकेतली इंटरनेट पुरवणारी कंपनी कॉमकास्ट आणि नेटफ्लिक्स यांच्यात, व्हिडिओ पोचवायचे पैसे कुणी द्यायचे, यावरून 2014 मध्ये भांडण झालं. त्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. एक, कॉमकास्टने मुद्दाम वेग कापला याला पुरावा नाही. दोन, नेटवर्कांमधली फुकट देवाणघेवाण बरोबरीच्या ट्रॅफिकवर चालते. पाचपट माल पाठवणाऱ्याने पैसे मोजायलाच हवेत.

पहिला मान्य. ‘वेग कापला’ हे वाक्य खोडलं आहे. झालं ते एवढंच की कोजंटसारख्या ज्या कंपन्यांमार्फत नेटफ्लिक्सचे व्हिडिओ येत, त्यांच्याशी जोडणारी पोर्टं, म्हणजे दोन नेटवर्कांमधली जोडणीची दारं, रोज संध्याकाळी तुडुंब भरायची आणि ती वाढवली जात नव्हती. पोर्ट भरलं की राउटर जास्तीची पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, टाकून देतो, मग ती नेटफ्लिक्सची असोत की आणखी कुणाची. अडवणं वेगळं, न वाढवणं वेगळं, हे खरं. पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसलेल्याला मात्र दोन्ही सारखंच.

दुसऱ्यावर मात्र मी अडून बसणार आहे. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत; पीअरिंगचा, म्हणजे नेटवर्कांमधल्या या फुकट देवाणघेवाणीचा, रिवाज साधारण तोच. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या अटींत येणाऱ्या आणि जाणाऱ्या ट्रॅफिकचं प्रमाण 2:1 पर्यंतच चालत असे. आणि हा रिवाज वेडगळ नव्हता. प्रत्येक नेटवर्क दुसऱ्याचं पॅकेट जवळच्याच नाक्यावर त्याच्या गळ्यात टाकून मोकळं होतं. इंजिनिअर लोक याला गरम बटाटा म्हणतात. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जायचं पॅकेट न्यूयॉर्कमध्येच सोपवलं, तर खंडभराचा प्रवास घेणाऱ्याच्या तारांवर. दोन्हीकडून सारखंच ट्रॅफिक असलं तर फिटंफाट होते, एकाच बाजूने आलं तर घेणारा बुडतो. म्हणून ते गुणोत्तर.

पण लॉस एंजेलिसच्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ लॉस एंजेलिसमध्येच आणून दिला, तर लांबचा पल्ला पाठवणाऱ्यानेच मारलेला असतो. गुणोत्तरामागचं कारण तिथे उरतच नाही. शिवाय ही वाटी शेजारणीने आपणहून धाडलेली नाही, कॉमकास्टच्याच गिऱ्हाइकाने मागवलेली आहे, आणि त्याचे पैसे तो दर महिन्याला भरतो. भरपूर डाउनलोड आणि चिमूटभर अपलोड असले प्लॅन विकणारी कंपनीच मग ‘आमच्याकडून परत काही जात नाही’ म्हणाली, तर हसावं की रडावं?

लेव्हल थ्री या, कोजंटसारख्याच, ट्रॅफिक वाहून नेणाऱ्या कंपनीचं उदाहरण तुम्ही माझ्या अंगावर फेकलंत, ते चपखल आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये तिने नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवायचं काम घेतलं आणि कॉमकास्टने पैसे मागितल्यावर अन्यायाची हाकाटी केली. त्याच लेव्हल थ्रीने ऑक्टोबर 2005 मध्ये, बरोबरी नाही असं म्हणत, कोजंटची जोडणी तोडली होती. काही दिवस दोन्हीकडची गिऱ्हाइकं एकमेकांना दिसेनाशी झाली. धुतल्या तांदळाचं इथे कुणीच नाही. नेटफ्लिक्सनेही स्वस्तातली वाट धरली होती, हेही लेखात यायला हवं होतं.

तरी ‘क्षमता वाढवायला प्रचंड खर्च येतो’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. जुलै 2014 मध्ये व्हेरायझन या कॉमकास्टसारख्याच दुसऱ्या कंपनीने स्वतःच आकृती काढून दाखवलं की आपलं आतलं नेटवर्क मोकळं आहे, गर्दी फक्त सीमेवर आहे. यावर लेव्हल थ्रीचं उत्तर: मग दहा गिगाबिटची आणखी काही पोर्टं जोडा, त्यासाठी लागणाऱ्या राउटरच्या कार्डाचे पैसे आम्ही देतो. आणि कॉमकास्ट? फेब्रुवारी 2014 मध्ये नेटफ्लिक्सने पैसे देऊन थेट जोडणी घेतली. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार, कॉमकास्टवरचा सरासरी वेग जानेवारीत सेकंदाला 1.51 मेगाबिट होता, तो मार्चमध्ये 2.5 वर गेला. गल्लोगल्ली नव्या तारा दोन महिन्यांत पडत नाहीत.

‘आपल्याकडच्या मोबाइल कंपन्यांनीही व्हिडिओ कंपन्यांकडे हाच वाटा मागितला तर काय चुकलं’, या तुमच्या प्रश्नासाठी दक्षिण कोरियाकडे बघा. तिथे 2016 पासून नेटवर्कांनी आपापसात, पाठवणाऱ्याने पैसे द्यायचे असा नियम आहे. व्हिडिओ गेमचं थेट प्रक्षेपण दाखवणारी ट्विच 27 फेब्रुवारी 2024 ला तिथून गाशा गुंडाळून गेली; नेटवर्कचा खर्च बहुतेक इतर देशांच्या दहापट पडतो, असं तिचं म्हणणं होतं. त्या दहापटीत नियमाचा वाटा किती आणि बाजाराचा किती, यावर वाद घालायचा असेल तर जरूर घालू. पण ‘पाचपट’ हा तुमचा आकडा 2010 चा आणि कॉमकास्टच्या तोंडचा आहे, एवढं त्याआधी मान्य करा.