व्हय म्हाराजा म्हणताना

परवा गावच्या जत्रेला जाऊन आले. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव, ग्रामदेवता सातेरी. दशावतार उभा राहायला अजून वेळ होता, ओटी भरणाऱ्यांची रांग संपत आली होती, तेवढ्यात गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, गाऱ्हाणं घालायला घेतलं. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीनं देवाकडे मोठ्यानं केलेलं मागणं. आम्ही बायका मागे खांबांपाशी उभ्या.

"बा देवी सातेरी, रवळनाथा, बारा पाचाच्या म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत. ह्यांच्या ढोरावासरांका, पोराटोरांका संबाळ. शिवेत काय वायट इला असात ता शिवेभायर घाल. जे पोटासाठी मुंबैक गेले हत, तेंका सुखरूप ठेव. चुकलामाकला पोटात घाल."

आणि दर वाक्यामागे सगळ्यांचं एका दमात, "व्हय म्हाराजा!"

लहानपणापासून हे ऐकत आलेय, पण या वेळी पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकलं. या गाऱ्हाण्यात 'मला' कुठेच नाही. आधी देवस्थानं, मग शीव, मग गुरंढोरं, पोरं, बाहेर गेलेली माणसं. एकेकाच्या नावाचा नारळ, नोकरी, लग्न, आजारपण हे सगळं त्यानंतर. मी डोंबिवलीत रोज देवापुढे दिवा लावते तेव्हा माझी, नवऱ्याची, मुलांची नावं घेऊन थांबते. गावचं देऊळ मला आधी गाव मागायला लावतं.

म्हणून मनात आलेलं स्पष्ट लिहिते. गावाच्या वतीनं कुणीतरी मागतो आणि आपण 'व्हय' म्हणतो, तेव्हा आपण देवाला शब्द देत असतो. शीव सांभाळ म्हणून सांगायचं आणि आठवड्याभरात त्याच शिवेवरचा डोंगर दलालाला दाखवायला न्यायचा, हे मला आता सहन होत नाही.

सातेरी म्हणजे कोण? वारूळ. आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात. गाभाऱ्यात साडी-दागिन्यांनी सजलेल्या देवीच्या मुळाशी मातीच आहे. आपल्या वाडवडिलांनी मूर्ती घडवण्याआधी जमिनीलाच हात जोडले. देवळामागच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आमची आजी चुलीत घालत नसे, "ती देवीची गे बाय" म्हणायची. राई आजही उभी आहे आणि एप्रिल-मेमध्ये सगळ्या वाडीच्या विहिरी तळाला जातात तेव्हा राईखालच्या विहिरीला पाणी असतं. यापेक्षा मोठं गाऱ्हाणं मी ऐकलेलं नाही.

आपल्या सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. सुंदर आहेच तो. तारकर्ली, देवबाग, आंबोली, कातळावरची पावसाळी फुलं, कुणकेश्वरासमोरचा समुद्र. बाहेरच्यांनी यावं, बघावं, आपल्या बायकांच्या हातचं जेवावं, चार पैसे इथे राहावेत, याला माझा मनापासून होकार आहे. पण जिल्हा म्हणजे फक्त देखावा नव्हे. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचा, दोर ओढणारे हात, पहाटे काजूच्या बिया वेचणाऱ्या बायका, रात्रभर जागून हत्ती-गव्यांपासून बाग राखणारा दोडामार्गचा शेतकरी, हे सगळे मिळून सिंधुदुर्ग होतो. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात ८ लाख ६८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत होती आणि आपण कमी झालो. त्या आकड्यात मीही आहे.

आमच्या वाडीत अकरा घरं. जत्रा सोडली तर चार घरांत चूल पेटते. त्यातलं एक आमच्या शेजारच्या काकीचं. वय सत्तरीपुढचं, एकटी राहते. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा तिच्या पडवीवर फणस कोसळला आणि अर्धी कौलं गेली. आम्ही मुंबईत नुसते फोन लावत होतो, लागत नव्हते. त्या भर पावसात उरलेल्या तीन घरांतली माणसं कोयते घेऊन आली, फांद्या तोडल्या, वर ताडपत्री ओढली आणि काकीला आठवडाभर आपल्या घरी नेऊन ठेवलं. दर जत्रेला तिच्या बाजूला उभं राहून 'व्हय' म्हणणारी तीच माणसं.

गाऱ्हाणं संपल्यावर तिच्याजवळ गेले. तिनं खोबऱ्याची कातळी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. मी विचारलं, "काकी, तू काय मागितलंस?" तिनं देवीकडे बघतच सांगितलं, "येत्या पावसात माझ्या खळ्यात कोणाचा तरी पोर भिजत खेळांदे." खळं म्हणजे आमच्याकडे घरापुढचं अंगण. स्वतःच्या गुडघ्यांसाठी नाही, मुलगा वर्ष वर्ष येत नाही त्यासाठीही नाही.

त्या रात्री नाटक बघता बघता मी मनातल्या मनात सगळ्या जिल्ह्यासाठी गाऱ्हाणं घातलं. तोडकंमोडकं आहे, मालवणी आता जिभेवर पूर्वीसारखी राहिली नाही, तरी इथे लिहिते.

बा देवी सातेरी, रवळनाथा, आरवलीच्या वेतोबा, आंगणेवाडीच्या भराडी आई, कुणकेश्वरा, रामेश्वरा! आमच्या आठय तालुक्यांका एकाच पदराखाली घे. देवगडच्या कलमांचो मोहोर राख. मालवण-वेंगुर्ल्याच्या होड्यो भरान हाड. बांद्याक तेरेखोलीचा पाणी चढता, ता येळेर उतरव. दोडामार्गातल्या माणसांका जगव आणि हत्तींकाय जगव. डोंगर इकूची बुद्धी कोणाक झाली असात, तर तेका तेच्या आज्याची आठवण करून दी. बंद घरांची कुलपा काढ. आणि म्हाराजा, ह्या पावसात काकीच्या खळ्यात एक तरी पोर भिजांदे.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी माझ्या दोघांना घेऊन गावी जातेय, पहिला पाऊस पडेपर्यंत. काकीला कालच फोन करून सांगितलं.