दुकान चालवायला अर्थशास्त्र लागतं

बारावीचा निकाल लागला की कॉमर्सच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. दरवर्षी शब्द थोडे बदलतात, म्हणणं तेच असतं. बी.कॉम.ला बिझनेस इकॉनॉमिक्स कशाला ठेवलंय कळत नाही. धंदा करणारा माणूस कधी मागणी-पुरवठ्याचे वक्र काढत बसत नाही. पुस्तकातली पूर्ण स्पर्धा जगात कुठेच नाही. त्यापेक्षा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी शिका, चार पैसे मिळतील. अर्थशास्त्र हा बी.ए.वाल्यांचा विषय. आणि नाहीतरी आदल्या रात्री गाईड वाचलं की पास होताच येतं.

यंदा हा मजकूर माझ्याच वर्गातल्या एका मुलीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मॅडम, खरंय का हे?" मी तालुक्याच्या गावी हाच विषय शिकवते. तिला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर लिहिते.

धंदेवाला वक्र काढत नाही, हे खरं आहे. पण तो जो हिशेब करतो, तो अनेकदा अपुरा असतो. किराणा दुकान असलेल्या घरातली मुलं वर्गात आली की मी त्यांना एक गणित घरी करायला देते. समजा, माल, वीजबिल, हाताखालचा पोऱ्या असं सगळं वजा करून दुकानातून महिन्याला ३२,००० रुपये सुटतात. घरचे म्हणतात, नफा ३२,०००. आता विचार करा. गाळा स्वतःचा आहे, तो भाड्याने दिला तर १५,००० येतील. मालात ६ लाख अडकलेत, ते ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला ३,५०० व्याज. वडील दुसऱ्याच्या दुकानात कामाला राहिले तर १६,००० पगार. बेरीज होते ३४,५००. म्हणजे ज्याला आपण नफा म्हणतो, तिथे खरं तर महिन्याला अडीच हजारांची खोट आहे. शिवाय संध्याकाळी पाच ते नऊ आई गल्ल्यावर बसते, तिची मजुरी यात धरलेलीच नाही.

हा संधी खर्च, म्हणजे तीच जागा, पैसा आणि श्रम दुसरीकडे लावले असते तर जे मिळालं असतं ते. पुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान मिळतं. टॅली ३२,००० नफा दाखवेल आणि टॅलीचं काही चुकलेलं नसेल, कारण हिशेबनीस जे पैसे दिले तेच लिहितो. जे मिळू शकले असते ते लिहायला अर्थशास्त्र लागतं. एका विद्यार्थ्याने हे गणित खरोखर वडिलांपुढे मांडलं. त्यांनी दुकान बंद केलं नाही, करायचं कारणही नव्हतं. स्वतःच्या दुकानाचा मान, गावातली ओळख, म्हातारपणची सोय यांचीही किंमत असतेच. पण कर्ज काढून शेजारचा गाळा घ्यायचा बेत मात्र त्यांनी पुढे ढकलला. वक्र न काढता झालेलं अर्थशास्त्र ते हेच.

टॅली आणि जीएसटी शिकूच नका असं मी कधीच म्हणणार नाही. माझी मुलं दोन्ही शिकतात, त्यावर नोकऱ्या मिळवतात, याचा मला आनंद आहे. माझा आक्षेप ‘त्यापेक्षा’ या शब्दाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि पाकीटबंद फरसाण, भुजिया यांचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सॉफ्टवेअरमध्ये दर बदलणं हे काही मिनिटांचं काम. पण गावातल्या फरसाणवाल्यापुढचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. दहा रुपयांच्या पुडीत कर वजा जाता ८ रुपये ९३ पैसे त्याचे होते. तेवढेच ठेवायचे तर पुडी ९ रुपये ३८ पैशांना विकावी लागेल, आणि तेवढी चिल्लर कुणाकडे असते? मग किंमत दहाच ठेवून ४५ ग्रॅमची पुडी ४८ ग्रॅमची करायची का? किलोच्या पाकिटाचा भाव उतरवला तर गिऱ्हाईक जास्त नेईल, की तेवढंच नेईल? पुडी घेणारं शाळकरी पोर आणि लग्नासाठी दहा किलो घेणारा माणूस भावातल्या फरकाकडे सारखंच पाहतात का? ही सगळी मागणीच्या लवचिकतेची, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याची गणितं आहेत. कराचा दर भरणाऱ्या पोरापेक्षा हे सांगू शकणारा पोरगा मालकाला जास्त हवा असतो.

पूर्ण स्पर्धेचा मुद्दा मला मनापासून खोडावासा वाटतो, कारण आमच्या भागातल्या निम्म्या मुलांच्या घरी कांदा असतो. ट्रॅक्टर भरून लासलगावला किंवा पिंपळगावला गेलेला शेतकरी लिलावात भाव ठरवत नाही, पुकारला तो भाव घेतो. विक्रेते हजारो आणि एकट्याच्या मालाने बाजारभाव हलत नाही. पूर्ण स्पर्धेतला विक्रेता अगदी असाच असतो. मग त्या व्याख्येच्या उरलेल्या अटी लावून बघा. ग्राहकही असंख्य हवेत, पण बोली लावणारे व्यापारी मोजकेच. बाजाराची पूर्ण माहिती हवी, पण त्या दिवसाचा खरा भाव भाडं भरून आवारात पोचल्यावरच कळतो. कुठली अट मोडली आहे हे बोट ठेवून सांगता आलं, की मागणी काय करायची तेही सांगता येतं: व्यापाऱ्यांची संख्या वाढवा, भावाची माहिती आधी द्या, साठवणुकीची सोय करा. व्याख्या पाठ असलेल्या मुलाला हे जमतं. ‘असलं काही जगात नसतंच’ म्हणून ती सोडून दिलेल्याला फक्त चिडता येतं.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. शुल्क पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्या काळात वर्गात मला ‘मागणीचा संकोच’ (भाव वाढल्याने मागणी घटणं) आणि ‘मागणीतील ऱ्हास’ (भाव सोडून दुसऱ्या कारणाने मागणी घटणं) यांतला फरक शिकवावा लागला नाही. भाव वाढला म्हणून परदेशातल्या गिऱ्हाइकाने कमी घेतलं नव्हतं, गिऱ्हाईकच बाजारातून बाहेर काढलं होतं. मागणीचा अख्खा वक्र डावीकडे सरकला, हे मुलांनी घरी आलेल्या कांदाविक्रीच्या हिशेबपट्टीवर पाहिलं.

बी.ए.च्या विषयाबद्दल थोडक्यात. मुंबईचं सिडनहॅम हे १९१३ साली सुरू झालेलं वाणिज्य महाविद्यालय. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, ते अर्थशास्त्र शिकवायला. आज सीए फाउंडेशनचा चौथा पेपर बिझनेस इकॉनॉमिक्सचाच आहे, १०० गुणांचा, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणारा. बँकेत लागल्यावर जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा द्यायची म्हटली तरी पहिला पेपर भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तव्यवस्थेचा.

राहिला गाईडचा मुद्दा. तो मी खोडणार नाही. आदल्या रात्री वाचून पास होता येतं, आणि याची मला लाज वाटते. मागणीचा नियम सांगून अपवाद लिहा, मक्तेदारीची वैशिष्ट्ये लिहा, टिपा लिहा, हे प्रश्न वर्षानुवर्षं फिरून येतात. उत्तरपत्रिका तपासताना शंभर मुलांच्या हातचं एकच वाक्य वाचावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला संज्ञेचा अर्थ नीट समजावून सांगायला आमच्याकडे वेळ उरत नाही. पण हा दोष पेपर काढणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा आहे, त्यात मीही आले. त्यासाठी विषय टाकून द्यायचा नसतो, पेपर बदलायचा असतो. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तेव्हा अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या काही वर्षांतच पुण्यातल्या फळबाजाराची आणि सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी केली होती. महाराष्ट्रातलं अर्थशास्त्र बाजारात आणि एसटी यायच्या आधीच्या मोटारींत घडलेलं आहे. ते गाईडमध्ये आम्ही कोंडलं.

मजकूर पाठवणाऱ्या मुलीला उत्तराच्या शेवटी मी एक काम दिलं. तिची आई शिवणकाम करते. म्हटलं, महिन्याचा खर्च लिहून आण: धागा, अस्तर, वीज, मशीनची दुरुस्ती, आणि आईचे तास. सोमवारी वही आली. सगळे आकडे नीट भरलेत. रोजचे साडेसहा तास. त्यापुढच्या ‘मजुरी’ या रकान्यात मात्र तिने फक्त प्रश्नचिन्ह काढलंय. उद्याचा तास त्या रकान्यापासून सुरू करणार आहे.