‘०००००१’वाल्या फायली कचरा नाहीत

“व्हर्च्युअल मशीन स्लो झालंय? डिस्क फुल? हे पाच उपाय करा, इंजिनिअरला पैसे देऊ नका” असा एक मेसेज बरेच दिवस व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण हा माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो एका सीएच्या ऑफिसात हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळतो. तिथली टॅली व्हीएमवेअर वर्कस्टेशन या सॉफ्टवेअरमधल्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर, चालते. डिस्क भरली होती, जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आली होती, आणि त्याने मेसेजमधला दुसरा उपाय करून टाकला. म्हणून सुरुवात त्या दुसऱ्यापासूनच करतो.

मेसेज म्हणतो, “फोल्डरमध्ये ज्यांच्या नावात ०००००१, ०००००२ असं आहे त्या फायली म्हणजे स्नॅपशॉटचा उरलेला कचरा. मूळ डिस्कची फाइल ठेवा, बाकीच्या बिनधास्त उडवा.”

हे खोटं आहे, आणि धोकादायक आहे. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, जिथे नंतर परत जाता येतं. तो घेतला की मूळ डिस्कची फाइल त्या क्षणाला गोठते. त्यानंतर मशीनमध्ये जे काही लिहिलं जातं, म्हणजे प्रत्येक व्हाउचर, प्रत्येक बिल, विंडोजचं प्रत्येक अपडेट, ते सगळं ०००००१ मध्ये जातं. दुसरा स्नॅपशॉट घेतला की तीही गोठते आणि पुढचं काम ०००००२ मध्ये सुरू होतं. स्नॅपशॉट एप्रिलमध्ये घेतला असेल तर मूळ फाइलमध्ये फक्त एप्रिलपर्यंतचं ऑफिस आहे. फाइल उडवल्यावर जी जागा मोकळी होते, ती तुमच्या त्यानंतरच्या कामाची असते.

नुकसान इथेच थांबत नाही. फाइल उडवल्यावर मशीन सुरू होत नाही, ‘फाइल सापडत नाही’ म्हणतं. घाबरलेला माणूस मग मूळ डिस्क नव्या मशीनला जोडतो. ते सुरू होतं, जुना डेटा दिसतो, आणि विंडोज ताबडतोब त्या मूळ डिस्कवर लिहायला लागतं. व्हीएमवेअरमध्ये प्रत्येक डिस्कला एक ओळख-क्रमांक असतो आणि पुढची फाइल आपल्या मूळ डिस्कचा क्रमांक नोंदवून ठेवते. मूळ डिस्कवर लिहिलं की तो क्रमांक बदलतो. नंतर रिकव्हरीवाल्याने ०००००१ परत आणून दिली तरी व्हीएमवेअर सांगतं की मूळ डिस्क दरम्यान बदलली आहे, जोडता येत नाही. क्रमांक हाताने जुळवता येतो, पण खालची माहितीच हललेली असेल तर फायली फुटक्या निघतात. भाच्याच्या ऑफिसात नेमकं हेच झालं. कागदी व्हाउचरं काढून सगळं पुन्हा भरावं लागलं, रिटर्न उशिरा गेलं, विलंब शुल्क पडलं.

जागा खरंच हवी असेल तर मशीन पूर्ण बंद करा, नुसतं सस्पेंड नको. अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये जाऊन तिथून स्नॅपशॉट काढा. तिथून काढल्यावर त्यातलं काम आधीच्या डिस्कमध्ये मिसळलं जातं, फेकलं जात नाही. याला वेळ लागतो आणि मिसळेपर्यंत थोडी मोकळी जागाही लागते. मध्येच बंद करू नका. व्हर्च्युअल मशीन चालवणारी दुसरी सॉफ्टवेअरं म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स आणि विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही; त्यांच्या स्नॅपशॉट फोल्डरमधल्या आणि एव्हीएचडीएक्स फायलींनाही हाच नियम. आणि फाइल आधीच उडवली असेल तर मूळ डिस्क कशालाही जोडू नका, त्या ड्राइव्हवर काही कॉपी करू नका.

मेसेजचा पहिला उपाय याच्याच पोटातला: “रोज एक स्नॅपशॉट घ्या, वेगळा बॅकअप लागत नाही.” व्हीएमवेअरची स्वतःची टिपणी आहे, जुना क्रमांक १०२५२७९. ती सर्व्हरसाठी लिहिलेली आहे, पण एकावर एक रचलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीचं तत्त्व वर्कस्टेशनलाही तेच. त्यात स्पष्ट लिहिलंय की स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, एकच स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नका, आणि साखळीत ३२ पर्यंत चालत असले तरी वेग हवा असेल तर दोन-तीनच ठेवा. रोज एक घेणारा माणूस मशीन स्वतःच हळू करतो आहे, आणि डिस्क का भरली हेही त्यातच आलं.

तिसरा: “सगळे कोअर आणि सगळी रॅम व्हीएमला द्या.” व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मग ते ज्यावर चालतं त्या खालच्या विंडोजने जगायचं कशावर? १६ जीबीच्या लॅपटॉपवर व्हीएमला १४ दिले की खालची सिस्टिम रॅमऐवजी डिस्क वापरायला लागते (पेजिंग) आणि दोन्ही रांगायला लागतात. दोन कोअरपासून सुरू करा, टास्क मॅनेजर बघत वाढवा.

चौथा उपाय हायपर-व्ही आणि मेमरी इंटिग्रिटी बंद करण्याचा. यात तथ्य आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करतो. विंडोजने प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आधीच धरून ठेवलेली असली की व्हर्च्युअलबॉक्स तिच्या डोक्यावर बसून चालतो. खालच्या पट्टीत कासवाचं चिन्ह दिसतं ते त्याचंच, आणि बंद केल्यावर वेग वाढतो. पण मेसेज किंमत सांगत नाही. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) आणि डॉकर डेस्कटॉप (डेव्हलपरांचं साधन) बंद पडतात, आणि मेमरी इंटिग्रिटी हे कर्नलचं, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचं, संरक्षण आहे. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी ते कधीच बंद करणार नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) हात घालण्यापूर्वी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की जवळ ठेवा, हेही कुणीतरी सांगायला हवं होतं.

पाचवा: “ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर पेड केलं, डिस्कची फाइल प्रॉक्समॉक्सवर कॉपी करा, पाच मिनिटांत चालू.” नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं, हे खरं. सर्व्हरवाल्यांना त्याचा फटका बसला. पण वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालाही फुकट आहे. एका मशीनच्या ऑफिसने घाईघाईने पळायचं कारणच नाही.

ज्यांना खरंच प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमवर, हलायचं आहे त्यांनी आधी स्नॅपशॉट मिसळून घ्यावेत आणि व्हीएमवेअर टूल्स (आतल्या विंडोजमध्ये टाकलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर) काढावीत. जुनं मशीन बायोसवर (सुरू होण्याची जुनी पद्धत) आहे की यूईएफआयवर (नवी पद्धत) ते बघून नवंही तसंच करावं. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा (प्रॉक्समॉक्समधल्या वेगवान डिस्क-जोडणीचा) ड्रायव्हर नसताना डिस्क व्हर्टआयओवर लावली की ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा येतो. म्हणून आधी साटावर, म्हणजे नेहमीच्या डिस्क-जोडणीवर, लावून सुरू करा, सोबत एक छोटी रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडा, ड्रायव्हर टाका, मग मुख्य डिस्क बदला. ईएसएक्सआयवरून (व्हीएमवेअरच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवरून) येणाऱ्यांना प्रॉक्समॉक्स ८.२ पासून आयात करायची सोय आहे, ती वापरा. नेटवर्क कार्ड नवं दिसत असल्यामुळे आयपी पुन्हा द्यावा लागेल. आणि नव्या जागी एक महिनाअखेर नीट पार पडेपर्यंत जुनं मशीन बंद करून ठेवा, पण पुसू नका.