मखराचा खांब

शेजारणीचे सासरे डोंबिवलीहून कॅलिफोर्नियात मुक्कामाला आलेत. काल गॅरेजमध्ये डोकावून त्यांनी माझ्या छंदाच्या रॉकेटबद्दल विचारलं, "काय रे, मखराच्या खांबासाठी आणलंस का?"

चार इंची पुठ्ठ्याची नळी आहे, कबूल. पण प्लायवूडचे फिन, म्हणजे शेपटाचे पंख, चिरांतून आत जाऊन थेट मोटरच्या नळीला इपॉक्सीने चिकटवलेत, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलेत. हे सांगेपर्यंत काकांनी बोटाने टकटक करून निकालही दिला: "पोकळ आहे." अहो, पॅराशूट राहणार कुठे?

"वर किती जातं?"

"दीड-दोन हजार फूट."

"मग?"

"मोटर विझते, काही सेकंदांनी काळी बारूद पेटते, टोकावरचा नोजकोन निघतो, पॅराशूट उघडतं."

"म्हणजे परतच येतं." मुद्दल परत आणि व्याज शून्य, असा चेहरा. काका बँकेतून निवृत्त झालेत. "दिवाळीत आम्ही बाटलीत ठेवून लावायचो. याला म्हणे परीक्षा!"

हो, परीक्षा. मोटरचे वर्ग तिच्या एकूण ताकदीवर ठरतात: एच वर्गाची मोटर 320 न्यूटन-सेकंदांपर्यंत, आय 640 पर्यंत. त्या विकत घ्यायच्या तर रॉकेट संघटनेच्या जाणत्या सभासदासमोर उडवून दाखवायचं, आणि रॉकेट पुन्हा उडण्याजोगं खाली यायला हवं. जे वर्गापासून लेखी परीक्षाही. इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट आणि रबर. ते सरकारी स्फोटकांच्या यादीतून काढायला 2009 साल उजाडलं, तेही कोर्टकचेऱ्या करून. काका म्हणाले, "कोर्टात जाण्यासारखं काय आहे यात?"

जुन्या रॉकेटचं दुखणं मोटरमध्ये नसतंच. नोजकोन आणि पॅराशूट नळीला बांधून ठेवणारी रबरी दोरी, म्हणजे शॉक कॉर्ड, कुजते. तिच्या जागी केव्हलर या चिवट धाग्याची घालावी, रॉकेटच्या तिप्पट ते पाचपट लांब. पण पॅराशूट उशिरा उघडलं तर तीच केव्हलर नळीची कड उभी चिरते, म्हणून कडेला पातळ सुपरग्लू पाजावा. दमट हवेत पुठ्ठा फुगतो. नोजकोन धरून रॉकेट उचललं तर सुटू नये, झटकलं तर सुटावं. घट्ट असेल तर 220 नंबरचा पॉलिश पेपर, सैल असेल तर मास्किंग टेप. बारूद व्यासाचा वर्ग गुणिले लांबी गुणिले 0.006, मापं इंचांत: चार बाय अठराच्या पोकळीला साधारण 1.7 ग्रॅम. कमी पडली तर सगळं नाक खाली करून जमिनीत. पॅराशूट महिनोन्‌महिने घडी घालून ठेवलं की चिकटतं. टाल्कम पावडर लावून त्याच दिवशी भरावं.

काकांचं एक वेळ ठीक. पण आम्ही रॉकेटं उडवतो त्या लुसर्नच्या कोरड्या तळ्यावरची फायबरग्लासवाली मंडळीही "अजून पुठ्ठाच?" म्हणून हसतात. अरे, दोन किलोच्या रॉकेटला वजनाच्या पाचपट जोर म्हणजे 100 न्यूटन पुरतात. तुमचं तेवढंच फायबरग्लास जड, म्हणून मोटर मोठी, म्हणून खर्च मोठा. माझी नळी चिरली तर चिरलेला भाग सरळ कापायचा, आतून कपलर, म्हणजे जोडनळी, घालून नवा तुकडा जोडायचा, वाळला की तयार. तुम्ही बसा मास्क लावून घासत.

मोटरच्या पार्सलवर धोकादायक मालाचा अधिभार वेगळाच! तो खोक्यामागे लागतो, आत एक असो की सहा. म्हणून सगळे मिळून मागवतात. त्यात दरवेळी एकजण पैसे द्यायचे विसरतो, आणि तो नेमका फायबरग्लासवालाच असतो.