तलावपाळीच्या फेऱ्या आणि मावशींचे गुडघे

ठाण्यात नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सध्या एका वाक्यावरून वाद चालू आहे आणि तो माझ्या धाकट्या भावामार्फत माझ्यापर्यंत, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोपर्यंत पोहोचला आहे. ‘म्हातारपण चालते-फिरते जावे की अंथरुणावर, हे ज्याच्या त्याच्या शिस्तीवर असते,’ असे तिथल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लिहिले आणि पुरावा म्हणून तलावपाळीच्या, म्हणजे तिथल्या तलावाकाठच्या, स्वतःच्या रोजच्या फेऱ्या पुढे केल्या. पाठोपाठ ‘परदेशात सोयी आहेत, पण माणसे एकटी पडतात’ हेही आलेच. 19 वर्षे बाहेर राहिल्यावर हे दुसरे वाक्य मला अंगवळणी पडले आहे. पहिले मात्र पडत नाही.

मी राहते त्या शहराचीच गोष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2008 साली आरोग्याच्या सामाजिक कारणांवर अहवाल दिला. त्यात ग्लासगोच्या कॅल्टन भागातल्या पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान 54 वर्षे आणि तिथून जेमतेम 13 किलोमीटरवरच्या लेन्झीत 82 वर्षे असे आकडे होते. डॉक्टर दोन्हीकडे फुकट आणि पाऊसही तोच. वेगळे होते ते उत्पन्न, कामधंदा आणि घरे. आयोगाचे अध्यक्ष मायकेल मार्मट यांनी त्याआधी लंडनच्या सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. त्यांच्यातले कोणी उपाशी नव्हते, तरीही हुद्दा जितका खालचा तितके हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त होते. तलावपाळीच्या फेऱ्यांनी हे आकडे कसे समजावून सांगायचे?

शिस्तच पाहायची असेल, तर माझ्या आईला सांभाळणाऱ्या मावशींची पाहावी. त्या 62 वर्षांच्या आहेत, पहाटे साडेचारला उठतात, किसननगरातले पाणी भरून बसने येतात आणि आमच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले दिवसातून चार वेळा चढतात. 81 वर्षांची आई काठीविना चालते. मावशी कठडा धरून चालतात. त्यांचे पती वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि त्यांना 2014 साली ठरलेली किमान 1000 रुपयांची पेन्शन मिळते. मावशींना वृद्धांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये मिळतील ते 65 वर्षे पूर्ण झाल्यावर, तेही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल तर. आम्ही देतो त्या पगारानेच ती मर्यादा ओलांडली जाते, म्हणजे मावशींनी काम करायचे थांबवल्यावरच त्यांचे म्हातारपण सरकारदरबारी सुरू होणार.

इथे माझ्या शेजारच्या बाई 84 वर्षांच्या आहेत. स्कॉटलंडमध्ये 2002 पासून 65 वर्षांवरील गरजू माणसांना अंघोळ, कपडे, खाणेपिणे यांसाठी घरी मदत मोफत मिळते, त्यामुळे त्यांच्याकडे रोज सकाळी काउन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, ठरवलेली बाई येते. त्या दोघी हवामानापलीकडे फारसे बोलत नाहीत, म्हणजे कट्ट्यावरच्या मंडळींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण बसचा पास हातात असलेली ही म्हातारी आठवड्यातून दोनदा शहरात जाऊन येते आणि त्यासाठी तिला मुलाचे तोंड पाहावे लागत नाही.

हे मी अभिमानाने लिहिते आहे, हे मला कळते. पण माझ्या आईची ठणठणीत तब्येत मावशींच्या गुडघ्यांवर उभी आहे आणि त्याचा पगार मी इथल्या पौंडांतून देते, हे मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते. कॅल्टन आणि लेन्झी आमच्या एकाच घरात आहेत, आणि लेन्झीच्या बाजूला मी आहे.

दोन महिन्यांपासून मी मावशींच्या नावाने बँकेत दरमहा वेगळी रक्कम टाकते आहे. त्यावर भाऊ म्हणाला, “ताई, तू तिकडे बसून इथले दर वाढवून ठेवतेस, निभवायचे आम्हाला असते.” मी रक्कम बंद केलेली नाही, पण त्या ‘आम्हाला’मध्ये मी येते का, हे त्याला विचारायचे धैर्य मला झाले नाही.