पहिल्या बाजूचा चढा सूर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही, त्यामुळे उत्तर चार ओळींत उरकणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ रेकॉर्डच्या जुन्या प्रतींवर पहिल्या बाजूचा सूर चढा आहे, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमच्या मते ही तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा खपवण्यासाठी रचलेली कथा आहे. तुमच्या 1959 च्या मोनो (एकाच वाहिनीच्या) प्रतीवर 'सो व्हॉट' ही पहिली रचना लावून सूर मोजणारं ट्यूनर ॲप धरलं तर काटा मधोमध येतो, म्हणजे सूर अचूक. शिवाय जॅझची पहिली मोनो प्रत हीच खरी, ब्लू नोट या जॅझ कंपनीची तर नक्कीच, आणि रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली प्रत, ही महागड्या पुठ्ठ्यात घातलेली सीडी, असंही तुम्ही म्हणता.

आधी माझी चूक. "रेकॉर्डिंगच्या दिवशी मशीन जलद चाललं" असं मी लिहिलं होतं. ते उलट आहे आणि तुम्ही ते बरोबर पकडलंत. मशीन हळू चाललं. हळू सरकणाऱ्या टेपवर भरलेला आवाज नंतर योग्य वेगाने वाजवला की तो जलद आणि चढा येतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता मूळ मुद्दा. ही रेकॉर्ड दोन दिवसांत झाली, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 रोजी, न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मार्चमधल्या, दुसऱ्या बाजूच्या दोन्ही एप्रिलमधल्या. तीन ट्रॅकची दोन मशीनं एकाच वेळी चालू असायची, एक मुख्य टेपसाठी आणि एक राखीव टेपसाठी. मार्चमध्ये मुख्य टेपचं मशीन मंद होतं, राखीव टेपचं ठीक होतं. रेकॉर्ड निघाली मुख्य टेपवरून. 1992 मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या सीडीसाठी मार्क वाइल्डर या इंजिनिअरने राखीव टेप काढली तेव्हा हा फरक उघड झाला. त्याआधीच्या प्रती, मोनो असोत की स्टिरिओ, पहिल्या बाजूला चढ्याच आहेत.

किती चढ्या? सुमारे सव्वा टक्का. गंमत अशी की सव्वा टक्क्याचं गुणोत्तर 81/80 होतं, आणि हीच आपल्या शास्त्रीय संगीतातली प्रमाणश्रुती, सुरांमधलं एक अगदी लहान अंतर. पाश्चात्त्य मापात साधारण 21 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला जोड्याची तार एवढी सरकलेली लगेच खटकेल. पण इथे सगळी वाद्यं एकत्रच सरकली आहेत, आपसांत ती सुरातच आहेत. त्यामुळे तेहतीस वर्षं बहुतेकांना संशय आला नाही, यात नवल नाही.

मग तुमचा काटा मधोमध कसा? बहुधा टर्नटेबलमुळे. तुमचं यंत्र साधारण एक टक्का मंद असेल, तर पहिली बाजू आपोआप 'बरोबर' वाजणार. तुम्ही दुसऱ्या बाजूचा आकडा दिलेला नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. एप्रिलच्या टेपचा वेग योग्य होता. यंत्र कसंही चालू दे, एकाच टर्नटेबलवर दोन्ही बाजू लागोपाठ लावल्या तर त्यांच्यात 20-21 सेंटचा फरक दिसायलाच हवा. पहिल्या बाजूला शून्य आलं असेल तर दुसरी उणे वीसच्या आसपास येईल.

मोजताना बास धरू नका. त्याला पडदे नसतात, बोट किंचित मागेपुढे झालं की आकडा फिरतो. ट्रम्पेटचं तेच. पियानो धरा, पण 'सो व्हॉट'च्या तोंडाला पियानो दोन जड कॉर्डमधून उत्तर देतो तिथे नको. पाच स्वर एकदम आले की फोनमधला ट्यूनर गडबडतो. 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये विंटन केलीच्या सोलोतले सुटे स्वर घ्या, आणि पलटून 'ऑल ब्लूज'मध्ये बिल एव्हान्सच्या सोलोतले. पाच-सहा स्वरांची सरासरी काढा. दोन सेशनमध्ये सात आठवडे गेले होते, पियानो थोडा इकडेतिकडे झाला असेल, पण सगळा मिळून वीस सेंट नाही.

टर्नटेबलचा वेग वेगळा तपासा, आणि तोही सुई रेकॉर्डवर ठेवून. पट्टा सैल असला तर सुईच्या ओढीने ताटली आणखी मंदावते. त्यासाठी स्ट्रोबची चकती लागते. लुकलुकत्या दिव्याखाली ताटली योग्य वेगाने, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांनी, फिरली की तिच्या रेघा स्थिर दिसतात. ती 180 रेघांची हवी, ती आपल्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी आहे. अमेरिकेतून आलेली चकती 216 रेघांची असते. आपल्या दिव्याखाली तिच्या रेघा 27.8 फेऱ्यांना स्थिर दिसतात, म्हणजे ती इथे निरुपयोगी. एलईडीचा दिवाही चालेलच असं नाही, कारण चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी लुकलुकतच नाही. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरचा निऑनचा लाल इंडिकेटर अंधारात चकतीजवळ धरा, तो सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. रेघा सेकंदाला एक या गतीने मागे सरकत असतील तर यंत्र बरोबर एक टक्का मंद आहे. दोष विजेवर ढकलता येणार नाही. ग्रिडची वारंवारता 49.9 ते 50.05 च्या पट्ट्यात ठेवायची असते, त्याने सुरात तीन-चार सेंटच हलतात. नवा पट्टा, पुलीवरची काजळी आयसोप्रोपिलने पुसणं आणि बेअरिंगमध्ये ताजं तेल एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. त्यानंतर जुनी प्रत खऱ्या सुरात ऐकायची असेल तर पिच कंट्रोल (टर्नटेबलचा वेग कमीजास्त करणारं बटण) सव्वा टक्का खाली आणा, म्हणजे मिनिटाला 32.9 फेऱ्या. दुसरी बाजू लावण्याआधी तो परत शून्यावर न्यायला विसरू नका.

एका बाबतीत मात्र तुमचं पारडं जड आहे. बहुतेक दुरुस्त आवृत्त्या तीन ट्रॅकवरून नव्याने मिक्स केलेल्या आहेत. 1959 मध्ये बसवलेला वाद्यांचा तोल त्यांत जसाच्या तसा मिळत नाही. तो हवा असेल तर जुनी प्रत ठेवाच, चढ्या सुरासकट. शिवाय पुठ्ठ्यावर सॅक्सोफोनवादक ॲडर्लीच्या नावाच्या स्पेलिंगमधला गाळलेला 'ई' आणि दुसऱ्या बाजूच्या शीर्षकांची अदलाबदल सुरुवातीच्या प्रतींवरच सापडते, आणि संग्राहक त्यासाठीही पैसे मोजतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मोनोचं मात्र मला पटत नाही. ब्लू नोटची बहुतेक रेकॉर्डिंग रूडी व्हॅन गेल्डर या इंजिनिअरने केली, 1959 च्या मध्यापर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात आणि मग एंगलवुड क्लिफ्सला. 1957 च्या वसंतापासून तो मोनो आणि स्टिरिओ अशा दोन टेप एकदम चालवायचा. 1958 च्या अखेरीपासून फक्त दोन ट्रॅकची टेप उरली. त्यानंतरची मोनो रेकॉर्ड म्हणजे त्याच स्टिरिओ टेपचे दोन ट्रॅक एकत्र केलेले. म्हणून सप्टेंबर 1957 च्या 'ब्लू ट्रेन'ला स्वतंत्र मोनो टेप आहे, पण डिसेंबर 1963 च्या 'द साइडवाइंडर'ची मोनो प्रत ही बेरीज आहे. ऐकायला ती छान लागते, हे मान्य. व्हॅन गेल्डर आणि ब्लू नोटचा संस्थापक आल्फ्रेड लायन एकाच स्पीकरवर तोल ठरवायचे, आणि सुरुवातीच्या स्टिरिओत मधोमध पडणारं खिंडार मोनोत भरून निघतं. पण "छान लागते" आणि "मूळ आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत.

मोनो लावताना ॲम्पवरचं मोनोचं बटण दाबा. मोनोच्या खोबणीत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, उभी हालचाल ही नुसती खरखर असते, ती या बटणाने बरीच कटते. सुई जमल्यास 25 मायक्रॉनची गोल घ्या. स्टिरिओची 18 ची सुई जुन्या, रुंद खोबणीत खोल बसते. ब्लू नोटची जुनी प्रत विकत घेताना डेड वॅक्समध्ये (लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत) व्हॅन गेल्डरचा शिक्का आणि कानासारखं दिसणारं तिरपं 'पी' शोधा. ती प्लॅस्टिलाइट कारखान्याची खूण आहे. लिबर्टी या कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावर 1966 पासून दाबलेल्या प्रतींत ती नाही.

राहिला 'पुठ्ठ्यातली सीडी'चा टोला. त्यात तथ्य आहे, पण सरसकट नाही. मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू काढणाऱ्या कंपनीने 2022 मध्ये मान्य केलं की त्यांच्या कित्येक रेकॉर्डच्या साखळीत मधे डिजिटल टप्पा होता. तोवर त्याच रेकॉर्ड अस्सल ॲनालॉग म्हणून वाखाणणाऱ्यांत बरेच मुरलेले कान होते. उलट ब्लू नोटची टोन पोएट मालिका 2019 पासून केव्हिन ग्रे हा इंजिनिअर ॲनालॉग टेपवरूनच कापतो, म्हणजे रेकॉर्डची मूळ खोबणी कोरतो. तेव्हा पुठ्ठ्यावरचं 'ऑडिओफाइल' सोडा. कापणाऱ्याचं नाव आणि स्रोत काय लिहिलाय ते वाचा. दोन्हींपैकी काहीच छापलेलं नसेल तर तुमचा संशय रास्त धरावा.

आधी स्ट्रोब बघा, मग दोन्ही बाजूंचे सेंट खाली लिहा. टर्नटेबलचं मॉडेलही द्या, म्हणजे पट्टा कुठला लागेल ते सांगता येईल. वेग बरोबर निघाला आणि तरीही दोन्ही बाजू शून्यावर आल्या, तर लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकेन.