पाढ्यांची परतफेड

शाळेत पाढे पाठ करताना मी रडायचो. परदेशात शिकायला आल्यावर कळलं, ते रडणं आगाऊ होतं. इथे सकाळपासून मी गुणाकारच करतो. कॉफीची किंमत बघायची, विनिमय दराने गुणायची, की कॉफी न पिताच झोप उडते. केस कापायचा आकडा गुणून पाहिल्यापासून ते खांद्यावर आलेत. लोक मला कलाकार समजतात. शिकतोय अर्थशास्त्र.

"पहिलं सेमिस्टर गुण, मग सोड," रूममेट म्हणाला. "नाहीतर उपाशी मरशील."

एकदा दुकानातल्या कार्ड मशीनने विचारलं, पैसे इथल्या चलनात देणार की घरच्या? या देशात प्रथमच कुणी घरची चौकशी केली होती. मला अगदी भरून आलं. 'घरच्या'वर बोट दाबलं. रात्री हिशेब जुळेना, तेव्हा समजलं की या आपुलकीला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' म्हणतात. त्यात दर आपली बँक नाही, मशीनवाले लावतात, आणि बहुतेक वेळा तो चढाच असतो. वर माझ्या बँकेने परदेशी व्यवहाराचं शुल्क घेतलं ते वेगळंच.

मग फीची तारीख आली. बाबांनी बरोब्बर फीइतके पैसे पाठवले. "स्विफ्टने पाठवलेत," म्हणाले. नाव स्विफ्ट, चाल बैलगाडीची! तीन दिवस मी तासातासाला खातं उघडत होतो. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था मुळात पैसे नेतच नाही, नुसता निरोप नेते. पैसे सरकतात बँकांच्या एकमेकींकडच्या खात्यांतून. दोघींचं थेट खातं नसेल तर मध्ये तिसरी बँक येते, आणि तीही हात ओला केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. शुल्क कुणी सोसायचं, यासाठी फॉर्मवर तीन पर्याय असतात: पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने किंवा दोघांनी मिळून. बाबांनी तिसरा निवडला होता. "वाटून घेतलेलं बरं ना रे!"

माझ्या वाट्याचं शुल्क वाटेतच कापलं गेलं आणि फीला थोडे पैसे कमी पडले. तेवढेच पुन्हा मागवावेत म्हटलं, तर पाठवायचं शुल्क तुटीपेक्षा मोठं निघालं. हा गुणाकार नव्हता, तरी घाम फुटला.

शेवटी रूममेटपुढे हात पसरला. त्याने पाकीट काढलं आणि गंभीरपणे विचारलं, "परत कुठल्या चलनात करणार? इथल्या की घरच्या?"